टिक ट्यूब घ्यावी का? कापूस उंदराला, हिशेब गोचिडाचा

अमेरिकेत न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्सकडे घराच्या मागे झाडी असली की वसंतात लाइमची, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या आजाराची, धास्ती सुरू होते आणि टिक ट्यूबची खोकी विक्रीला येतात. वस्तू साधी आहे: पुठ्ठ्याची नळी आणि आत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस. या प्रकारातलं जुनं नाव डॅमिनिक्स. त्याच्या कापसात पर्मेथ्रिन 7.4 टक्के असतं आणि अर्ध्या एकराला एका वेळी 24 नळ्या लागतात, वर्षातून दोनदा.

कल्पना मात्र खरोखर हुशार आहे. काळ्या पायांचा गोचीड अंड्यातून निघतो तेव्हा लाइमचा जंतू त्याच्यात नसतो. सहा पायांची अळी पहिलं रक्त पिते ते बहुतेकदा जमिनीलगतच्या एखाद्या लहान प्राण्याचं. तो पांढऱ्या पायांचा उंदीर निघाला, तर जंतू मिळण्याची शक्यता फार मोठी, कारण हा उंदीर जंतू महिनोन्‌महिने बाळगतो आणि तरी ठणठणीत हिंडतो. ती अळी कात टाकून निम्फ (अळी आणि प्रौढ यांच्या मधली अवस्था) होते आणि पुढच्या मे ते जुलैमध्ये माणसाला चावते. खसखशीएवढी असल्याने ती दिसतही नाही. हरणांच्या नावाने उगाच बोटं मोडली जातात. हरीण प्रौढ गोचिडांना पोसतं हे खरं, पण लाइमचा जंतू गोचिडाला त्याच्याकडून मिळत नाही.

ट्यूब नेमकी या उंदरावर बेतलेली आहे. तो कापूस ओढून नेतो, घरट्यात अंथरतो, औषध त्याच्या केसांना लागतं आणि अंगावरचे गोचीड मरतात. उंदीर जगतो, आणि तो जगावा अशीच योजना आहे. उंदीर मारला, तर गोचीड दुसरं अंग शोधणार.

वापरात घोळ होतो तो जागेचा. हिरवळीच्या मधोमध टाकलेली नळी वाया गेली म्हणून समजा, कारण उंदीर उघड्यावर फिरत नाही. दगडी गडग्याच्या फटी, सरपणाचा ढीग, झुडपांची बुडं, शेडच्या कडा आणि अंगण जिथे संपून झाडी लागते ती रेघ, या त्याच्या वाटा. नळ्या आडव्या ठेवायच्या, साधारण दहा-दहा यार्डांवर. पंधरा दिवसांनी फेरी मारायची. कापूस जसाच्या तसा असेल, तर ती नळी उचलून दुसरीकडे ठेवा.

दुसरी चूक तारखांची. वसंतातली खेप उंदरावरच्या निम्फसाठी असते, जुलैअखेर ते ऑगस्टची अळ्यांसाठी. पुष्कळ जण पहिली ठेवतात आणि सुट्टीच्या गडबडीत दुसरी विसरतात. महत्त्वाची मात्र दुसरीच, कारण पुढच्या वर्षीचे निम्फ त्या अळ्यांतूनच येतात. म्हणजे फरक पडला तरी दिसेल पुढच्या उन्हाळ्यात. जूनमध्ये नळ्या ठेवून जुलैत निकाल मागणाऱ्याची निराशा ठरलेली.

आणि फरक पडतोच असंही नाही. 1980 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या पहिल्या चाचण्यांत उंदरांवरचे गोचीड चांगलेच घटले होते. नंतर कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कमधल्या चाचण्यांत झाडीतल्या निम्फची संख्या म्हणावी तशी उतरली नाही. कारण उघड आहे: गोचिडांना उंदीर एकटाच पोसत नाही. चिचुंद्र्या आणि चिपमंक नावाच्या पट्टेदार खारीही जंतू देतात, आणि चिचुंद्री काही या कापसासाठी नळीत शिरणार नाही. शिवाय पाव एकराच्या प्लॉटभोवती शेजाऱ्यांचे उंदीर आहेतच.

उंदीर आत शिरताच अंगाला फिप्रोनिल हे कीटकनाशक लागतं अशा आमिषपेट्याही मिळतात. त्या परवानाधारक माणसाकडून बसवून घ्याव्या लागतात. कापसाची गरज नसल्याने चिपमंकही त्यात सापडतो. न्यूयॉर्कच्या डचेस काउंटीत त्यांची अनेक वस्त्यांत मिळून चाचणी झाली. गोचीड सुमारे निम्मे झाले, पण माणसांतले आजार कमी झाल्याचं दिसलं नाही. हे आकडे पाहिल्यावर ट्यूबच्या खोक्यावरची आश्वासनं जरा सबुरीनेच वाचावीत.

टॉयलेट रोलच्या नळीत कापूस कोंबून त्यावर कपड्यांचा 0.5 टक्क्यांचा पर्मेथ्रिन स्प्रे मारायचा, हा घरगुती जुगाड करू नका. मात्रा कुठे 7.4 आणि कुठे अर्धा टक्का! वर लेबलाबाहेर कीटकनाशक वापरणं अमेरिकेत कायद्याविरुद्ध आहे. तो स्प्रे बागकामाच्या पँटवर, मोज्यांवर आणि बुटांवर मारा, तिथे तो उत्तम चालतो. घरात मांजर असेल तर विशेष जपा: पर्मेथ्रिन मांजराला विषारी आहे. माशांनाही आहे, म्हणून तळ्याकाठी आणि ओढ्याकाठी नळ्या नकोत.

आमचं मत: अर्ध्या एकराहून मोठी जागा, दगडी गडगे, भरपूर उंदीर आणि दोन्ही बाजूंचे शेजारी तयार असतील, तर सलग दोन-तीन वर्षांसाठी घ्या. लहान, मोकळ्या अंगणाला नको. त्याऐवजी पालापाचोळा उचला, झाडी आणि हिरवळीच्या मध्ये तीन फुटांचा लाकडी भुग्याचा पट्टा टाका आणि रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेला गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. 24 तासांच्या आत निघाला, तर लाइमचा धोका फार थोडा उरतो.

भारतात येताना सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांसाठी हे खोकं बॅगेत टाकू नका. दोडामार्गकडचा माकडताप वेगळ्या गोचिडांमुळे होतो आणि त्यांना पोसणारे उंदीर-चिचुंद्र्याही वेगळ्या. हा कापूस तिथल्या प्राण्यांसाठी बनवलेलाच नाही.