गॅस स्प्रिंगच्या नावाखाली डॅम्पर विकला जातो तेव्हा

लातूरच्या एका डाळमिलसाठी वाळूज येथील आमच्या कारखान्यात चाळणी यंत्राची झाकणे तयार होत होती. प्रत्येक झाकणाचे वजन 30 किलो असून त्याचा भार बिजागरीपासून 40 सेंटिमीटरवर येत होता. एका माणसाला ते सहज उचलता यावे आणि उघडल्यावर ते जागेवर थांबावे, अशी मिलमालकाची अट होती. स्प्रिंगचा जोर बिजागरीपासून 15 सेंटिमीटरवर लागेल असे धरले, तर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे 785 न्यूटन लागतात. त्यामुळे प्रत्येकी 450 न्यूटनच्या गॅस स्प्रिंगांची, म्हणजे झाकण तोलून धरणाऱ्या दांड्याच्या बंद नळ्यांची, मागणी आम्ही शहरातील एका व्यापाऱ्याकडे लेखी नोंदवली.

आलेल्या नळ्यांवर ‘450 न्यूटन’ असे कोरे करकरीत स्टिकर होते. व्यापाऱ्याने दुकानातच एक दांडा तळहाताने आत दाबला, सोडल्यावर तो सावकाश बाहेर आला, आणि ‘बघा भाऊ, गॅस भरलेलाच आहे’ असे तो म्हणाला. फसवणुकीची मेख याच प्रात्यक्षिकात होती. गॅस स्प्रिंगमध्ये दाबाखालील नायट्रोजन दांड्याला सतत बाहेर रेटत असतो. 450 न्यूटनचा दांडा आत घालायला सुमारे 46 किलोचा भार लागतो, तो नुसत्या तळहाताने सहजी जात नाही. आम्हाला प्रत्यक्षात मिळालेल्या डॅम्परचे काम मुळातच निराळे आहे. त्यातील तेल बारीक छिद्रातून सरकते, ते केवळ हालचालीचा वेग रोखते, आणि हालचाल थांबली की तो विरोधही संपतो. काही डॅम्परांत थोडा गॅस भरलेला असल्यामुळे दांडा आपोआप बाहेर येतो खरा, परंतु तेवढ्या जोरावर 30 किलोचे झाकण तोलले जात नाही.

मिलमध्ये झाकणे हळूहळू, अगदी अदबीने, खाली येऊ लागली आणि कामगारांनी त्यांना लाकडाचे टेकू लावले. तक्रार केल्यावर व्यापाऱ्याने ‘आपल्याकडच्या उन्हानं गॅस मऊ पडतोय’ असे कारण दिले. हे तर उघड खोटे होते, कारण तापमान 10 अंशांनी वाढले की बंद नळीतील दाब, आणि त्याबरोबर जोरही, साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो. मराठवाड्यातील मे महिन्यात झाकण उलट जास्त जोराने उघडायला हवे होते. स्टिकर खरवडल्यावर खाली जुना छाप निघाला, त्यात न्यूटनचा आकडाच नव्हता.

खरेदीपूर्वी नळी उभी धरून दांडा वजनकाट्यावर टेकवून दाबावा आणि तो आत सरकल्यावर हात स्थिर ठेवून काट्यावरचे किलो वाचावेत, त्यांना 9.8 ने गुणले की न्यूटन मिळतात. डॅम्पर असेल तर हात थांबताच काटा घसरतो. खात्रीसाठी नळी कापणे किंवा तापवणे मात्र कटाक्षाने टाळावे, आतील दाब जिवावर बेतू शकतो.

बिलावर व्यापाऱ्याने केवळ ‘हायड्रॉलिक पार्ट’ एवढेच लिहिले होते आणि त्याच शब्दांच्या आडोशाने तो पैसे परत करण्यास नकार देत आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली असून स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाच सवलत आहे. त्यामुळे आमचा सारा भर आता त्या लेखी मागणीपत्रावर आणि स्टिकरखालच्या छापाच्या छायाचित्रांवर आहे.