रिबीन राहिली, आकडे गेले: स्तनकर्करोगाच्या नावाने विकलं जाणारं गुलाबी सामान

गुण: वस्तूला चार, वेष्टनावरच्या मजकुराला दीड.

स्तनकर्करोगाच्या जागृतीचं चिन्ह म्हणून गुलाबी रिबीन छापायची आणि विक्रीतला काही वाटा कर्करोगाच्या संस्थेला देऊ म्हणायचं, अशा वस्तू: कॉफीचा मग, छत्री, बूट, लिपस्टिक. वस्तू बहुधा ठीक असते, नेहमीचीच, फक्त रंग बदललेला. तपासायची ती मागची बारीक अक्षरं. पुढच्या चिन्हावर जाऊ नका. साधी गुलाबी रिबीन कुणा एकाच्या मालकीची नाही, ती कुणीही छापतं.

सगळ्यात फसवे शब्द ‘नफ्याच्या १० टक्के’. वस्तू १०० ची आणि नफा १५ धरला, तर देणगी होते दीड. त्यातून नफा कसा मोजायचा हे कंपनीच ठरवते. जाहिरातीचा खर्च आधी वजा केला की दीडचा एकही होतो. ‘विक्रीकिमतीच्या १० टक्के’ लिहिलं असेल तर सरळ १०. एका शब्दाचा फरक!

मग कमाल मर्यादा शोधा. देणगीचा ठरलेला आकडा गाठला तरी माल फळीवर तसाच असतो, आणि त्यानंतरच्या खरेदीतून संस्थेला काही मिळत नाही. कधी ठोक रक्कम आधीच देऊन झालेली असते. तेव्हा तुम्ही घ्या न घ्या, फरक शून्य. किमान देणगीची हमी छापलेली असेल तर चांगली खूण. कोड भरायची किंवा झाकण पाठवायची अट असेल आणि ती राहून गेली, तर देणगीही राहिली. आणि नुसतं ‘जनजागृतीसाठी’ असेल, संस्थेचं नाव नसेल, तर पैसा कुठेच जात नाही असं धरून चाला.

२००२ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीने कार्डावरच्या प्रत्येक खरेदीमागे स्तनकर्करोगासाठी १ सेंट देऊ केला होता. खरेदी केवढीही असो, सेंट एकच. ‘थिंक बिफोर यू पिंक’ ही गुलाबी सामान घेण्याआधी विचार करा असं सांगणारी मोहीम त्याच वर्षी उभी राहिली, यात नवल नाही.

गंमत अशी की मूळ रिबिनीसोबत आकडे होते. शार्लट हेली ही अमेरिकन बाई घरी केलेल्या पीच रंगाच्या रिबिनी कार्डाला लावून वाटायची. कार्डावर लिहिलेलं असे की अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १.८ अब्ज डॉलरच्या वार्षिक अंदाजपत्रकातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर जातात. १९९२ मध्ये ‘सेल्फ’ मासिकाने तिच्याकडे रिबीन मागितली. धंदा होईल म्हणून तिने नकार दिला. मासिकाने वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला आणि गुलाबी रिबीन आली. तिच्यासोबत ते कार्ड काही आलं नाही.

तुलनेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या ‘लिव्हस्ट्राँग’ या कर्करोग संस्थेचा २००४ चा पिवळा सिलिकॉनचा मनगटी पट्टा घ्या. किंमत १ डॉलर, हिशेब कुणालाही कळेल असा. खोट वेगळीच: सगळी पत एका माणसावर टांगलेली, आणि २०१२ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँगचीच टूर द फ्रान्स शर्यतीची विजेतेपदं गेली.

संस्थेचं नाव सापडलं तर तिचा वार्षिक अहवालही उघडा. संशोधन, तपासणी शिबिरं आणि रुग्णाचा प्रवास, निवास, औषधं हे तीन वेगळे खर्च आहेत; ‘कर्करोगासाठी’ या शब्दात तिन्ही मावतात. छत्री हवीच असेल तर जरूर घ्या. नको असेल तर तेवढी रक्कम संस्थेला थेट द्या: खरेदीतून गेलेली देणगी कंपनीच्या नावावर धरली जाते, थेट दिलीत तर पावती तुमच्या नावाची.