हेडलाइट रिले वायरिंग किट: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला गेल्या मे महिन्यात मी एच-४ बल्बसाठीचे (अप्पर आणि डिपर अशी दोन फिलामेंट एकाच बल्बमध्ये असलेल्या) रिले वायरिंग किट बसवून घेतले. रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने चालणारा आणि दिव्यांचा मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच. गाडी रत्नागिरीत असते आणि आंबा घाटातून कोल्हापूरला तिचे रात्रीचे जाणे-येणे नेहमीचे आहे, त्यामुळे अधूनमधून दगा देणारे दिवे ही माझ्यासाठी किरकोळ बाब नव्हती. किटबद्दलचे माझे मत चांगले आहे. मात्र ते कोणता दोष दूर करते आणि कोणता करत नाही, हे विकत घेण्यापूर्वी नीट समजले पाहिजे, कारण दिवे जाण्या-येण्याच्या तक्रारीमागे बहुधा एकाहून अधिक कारणे असतात.

माझ्या गाडीत दोन वेगळी लक्षणे होती. खड्ड्यात चाक आदळले की डावा दिवा मंद होई किंवा विझे, आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचा अप्परचा (दूरच्या झोताचा) निळा दिवा अगदी फिकट उजळे. दुसरे लक्षण असे, की बराच वेळ दिवे चालू राहिले की दोन्ही डिपर (जवळचे झोत) एकदम जात, अप्पर मात्र लागत असे, आणि स्विच थोडा वेळ बंद ठेवल्यावर डिपर परत येत. एका गॅरेजमध्ये बल्ब आणि फ्यूज बदलून झाले होते, पण फरक पडला नव्हता, पडणारही नव्हता. एकाच बाजूचा दिवा जातो तेव्हा त्या बाजूचा बल्ब, कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा जोड) किंवा अर्थिंग (गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे प्रवाह परत नेणारी जोडणी) तपासावे, आणि दोन्ही एकदम जातात तेव्हा दोघांच्या सामाईक वाटेवरचा फ्यूज किंवा स्विच. निळा दिवा फिकट पेटणे ही अर्थिंग तुटत असल्याची जवळजवळ खात्रीची खूण आहे, कारण अर्थची वाट बंद झाली की डिपरचा प्रवाह त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा शिरून अप्परच्या वायरीत जातो.

या तपासणीत मल्टिमीटर कसा लावला जातो यावर सगळे अवलंबून आहे. बल्ब काढून कपलरवर मीटर लावला तर वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी पूर्ण व्होल्टेज दिसते, कारण प्रवाहच वाहत नसतो. म्हणून बल्ब जागेवर आणि दिवा चालू ठेवूनच मोजावे लागते. इंजिन चालू असताना माझ्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि डाव्या बल्बला त्यांतले फक्त ११.२ पोहोचत होते. बॅटरीचे ऋण टोक आणि बल्बची अर्थ पिन यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट आढळले, जे ०.२ पेक्षा जास्त असता कामा नये. उरलेले २ व्होल्ट धन बाजूला, आणि त्यांतले १.४ एकट्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये (दिवे लावण्याच्या दांडीच्या स्विचमध्ये) खर्ची पडत होते. दोन डिपर मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात, म्हणजे स्टिअरिंगखालच्या त्या छोट्याशा स्विचमध्ये १२ वॉटहून अधिक उष्णता निर्माण होत होती. संपर्क तापून सैल होत आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळत, असे दुसऱ्या लक्षणाचे कारण हाती आले.

अर्थिंगचा दोष किटने जात नाही. रेडिएटरच्या पॅनेलवरचा बोल्ट काढून, खालचा रंग आणि गंज घासून, नवा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवून तो आधी दूर केला. ज्यांचा दिवा केवळ अर्थिंगमुळे लुकलुकतो त्यांना किटची गरजच नाही.

किटचे काम यानंतर सुरू होते. बॅटरीतून थेट जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर येते, ८७ मधून दिव्यांकडे जाते, आणि जुन्या स्विचला आता फक्त रिलेची कॉइल (आतले संपर्क जोडणारे तारेचे वेटोळे) चालवण्यापुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहावा लागतो. बसवल्यानंतर दोन्ही बल्बांवर १३.७ व्होल्ट मिळाले. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. त्या हिशोबाने डावा दिवा पूर्वी निम्म्याच उजेडाने जळत होता. घाटातल्या वळणांवर रस्त्याची पांढरी कड आता खूप आधी दिसते, आणि डिपर तापून जाण्याचा प्रकार तेव्हापासून घडलेला नाही.

किटच्या बनावटीत मात्र उणिवा आहेत. बॅटरीकडची वायर बाहेरून जाड दिसली तरी आतले तांबे कमी निघाले, म्हणून ती २.५ चौरस मिलिमीटरची घालून घेतली. फ्यूज होल्डरचे झाकण सैल होते. जुलैच्या पावसात आणि खाऱ्या हवेत फ्यूजच्या पायांवर हिरवा गंज चढला, आणि होल्डर बदलून रबरी झाकणाचा घ्यावा लागला. त्याच वेळी अप्परचा एक आणि डिपरचा एक अशा दोन्ही रिलेंना मिळून असलेला एकच फ्यूज काढून अप्पर आणि डिपरला वेगळे फ्यूज दिले. एका फ्यूजवर दोन्ही अवलंबून ठेवणे मला धोक्याचे वाटते, कारण तो उडाला की गाडीपुढे पूर्ण अंधार होतो. रिले पिना खाली येतील असे बसवावेत, म्हणजे त्यांत पाणी साचत नाही, आणि मोकळा राहिलेला मूळ कपलर टेपने नीट बंद करावा. बल्बचे सिरॅमिक होल्डर मात्र उत्तम आहेत. इतक्या वापरानंतरही त्यांना कुठे काळेपणा आलेला नाही.

पूर्ण व्होल्टेजची किंमत बल्ब मोजतो. व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढले तर हॅलोजन बल्बचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, आणि माझा उजवा बल्ब जानेवारीत गेला. हा खर्च मला मान्य आहे. ‘किट आहे, तर १००/९० वॉटचे बल्ब लावा’ हा दुकानातला सल्ला मात्र कृपया कोणी मानू नये. एच-४ साठी मान्यता ६०/५५ वॉटला (अप्पर ६०, डिपर ५५) आहे. त्याहून मोठ्या बल्बने रिफ्लेक्टरचा मुलामा खराब होतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

नव्या गाड्यांत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) चालवत असेल, तर हे किट लावू नये. काही जुन्या मॉडेलांत दिव्याला धन कायम मिळते आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. तिथे कॉइलचे एक टोक बॉडीला जोडणारे किट चालत नाही, म्हणून खरेदीपूर्वी वायरमनकडून एवढे तपासून घ्यावे. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले आणि दोन फ्यूज ठेवतो. चार पिनांचा हा साधा रिले गाड्यांच्या वायरिंगचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि रस्त्याच्या कडेला हातानेही बदलता येतो.