कोपा की फिनिक्स: पाहुण्यांना कुठे न्यायचं?

पुण्यातला कोरेगाव पार्क प्लाझा हा मॉल आता ‘कोपा’ झालाय. नुसती पाटी बदललेली नाही, दुकानं आणि हॉटेलं सगळीच वरच्या किमतीवर नजर ठेवून नव्याने मांडली आहेत. त्यामुळे मुंबईची आत्या किंवा अमेरिकेतला भाचा आला की प्रश्न पडतो: नेहमीचं विमाननगरचं फिनिक्स मार्केटसिटी, की हे नवं?

माझं मत आधीच सांगते. खरेदी असेल तर फिनिक्स, जेवण असेल तर कोपा. दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायचं असेल तरीही फिनिक्स, कारण कोपात खरेदीच्या नावाखाली बहुतेकांचं काचेतून बघणंच होतं.

फिनिक्स २०११ पासून आहे आणि अवाढव्य आहे. झारा, एच अँड एमपासून मुलांच्या बुटांपर्यंत सगळं एका छपराखाली मिळतं. लग्नाच्या बस्त्यासाठी लक्ष्मी रोडच बरा, पण भाच्याला जीन्स हवी असेल तर इथे तीन दुकानं पालथी घालता येतात. पण शनिवारी संध्याकाळी फूड कोर्टात टेबल मिळवायला एकाने खुर्ची धरून बसायचं आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, हे अटळ. गुडघे दुखणाऱ्या आजींना तिथे न्यायचं तर रविवारी सकाळी मॉल उघडताच न्या.

कोपा आकाराने लहान, आणि तेच त्याचं सुख. चालणं कमी, गोंगाट कमी. इथे जेवण हाच कार्यक्रम असतो. फक्त मेन्यू हातात घेण्याआधी घरच्यांना थोडी कल्पना देऊन ठेवा. अशा हॉटेलांत पदार्थ बहुधा छोट्या प्लेटमध्ये, वाटून खायला येतात. बांबूच्या टोपलीत चार डिमसम, म्हणजे मोमोसारखे वाफवलेले चिनी घास, आणि टेबलावर माणसं पाच. मग कुणीतरी ‘मला नको, तुम्ही घ्या’ म्हणतं, आणि ते नेहमी बाबाच असतात. शेवटी भात मागवला जातो. ‘पाणी कोणतं देऊ?’ असं विचारलं तर ‘साधं’ म्हणायला अजिबात लाजू नका, नाहीतर बाटलीचे पैसे बिलात दिसतात.

बिलाकडे जरा थांबून बघा. समजा जेवण ३,००० रुपयांचं झालं. वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपये. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो. एकूण ३,१५०. पण मध्ये १० टक्के सर्व्हिस चार्जची ओळ असेल तर आधी ३०० वाढतात, मग जीएसटी ३,३०० वर लागतो आणि आकडा ३,४६५ होतो. हा चार्ज देणं न देणं तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या. ‘हा काढून द्या’ एवढं म्हणणं पुरतं. पाहुण्यांसमोर सांगायला संकोच वाटतो, म्हणून मी बिल मागायला काउंटरपाशीच जाते. तरीही नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरचं काम आवडलं असेल तर टीप थेट त्याच्या हातात द्या. मद्य घेतलंत तर त्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट हा विक्रीकर लागतो, तो वेगळा दिसेल.

आता जायचं कसं? कोथरूडकरांना फिनिक्स सोपं पडतं: वनाजला मेट्रोत बसायचं, रामवाडीला उतरायचं, गाडी बदलायची नाही. पुढे नगर रोडने रिक्षा. पिंपरी किंवा स्वारगेटहून येणाऱ्यांना सिव्हिल कोर्टला बदलावं लागतं. कोपाच्या दारात मेट्रो नाही. पुणे स्टेशन किंवा बंडगार्डनला उतरून रिक्षाच करावी लागते, आणि संध्याकाळी नॉर्थ मेन रोडवर ती रिक्षा मुंगीच्या पावलांनी सरकते. स्वतःची गाडी असेल तर दुपारी साडेबाराला जेवायला जा. टेबल मिळतं, पार्किंग मिळतं, आणि ‘लंच मेन्यू’ असेल तर खर्चही हलका होतो.

वाकड, बाणेर, हिंजवडीत राहत असाल तर या दोघांचाही विचार सोडा. २०२३ मध्ये सुरू झालेलं फिनिक्सचंच मॉल ऑफ द मिलेनियम वाकडला आहे, आणि तेवढ्यासाठी शहर ओलांडून नदीपलीकडे जाण्यात काही अर्थ नाही. सेनापती बापट रस्त्यावरचं पॅव्हिलियन मॉल पेठांतल्या लोकांना जवळचं, सिनेमा आणि कॉफीपुरतं पुरेसं. पाहुण्यांवर छाप पाडायला मात्र तोकडं पडतं.

कोपाचं ठरलंच तर हॉटेलला आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: लहान मुलांची खुर्ची आहे का, आणि टेबल किती वेळासाठी देतात. सुट्टीच्या दिवशी काही ठिकाणी दीड-दोन तासांतच पुढच्या बुकिंगची आठवण करून देतात, आणि आत्याच्या गप्पा तेवढ्यात आटोपत नाहीत.