आमचं मॉड्युलर किचन, दीड वर्ष वापरल्यावर

डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके, बिल्डिंग ९३ सालची. कडाप्प्याचा ओटा आणि खाली उघडी मांडणी, त्यावर तीस वर्षं निघाली, मग सिंकखालचा पाइप गळून गळून भिंत फुगली आणि २०२४ च्या गणपतीनंतर आम्ही किचन करायला काढलं, सोबत हॉलचंही थोडं काम. रिव्ह्यू तेव्हाच लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, नवीन नवीन सगळंच छान वाटतं, दार ढकललं की अलगद बंद होतं ते बघूनच माणूस खूश होतो. एक अख्खा पावसाळा आणि दोन दिवाळ्यांचं तळण झाल्यावर जे उरतं ते खरं.

आधी एका मोठ्या ब्रँडच्या शोरूमला गेलो होतो. त्यांनी थ्रीडीत आमचंच किचन दाखवलं, क्रीम आणि फिकट हिरवा रंग, हँडल नसलेली दारं, वर उघडी लाकडी फळी त्यावर दोन कुंड्या, आणि मधली भिंत काढून ओपन किचन. सुंदर दिसत होतं, खरंच. पण आतला बोर्ड कुठला हे मला तीनदा विचारावं लागलं आणि तेव्हा कळलं की सिंकखालीसुद्धा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला, त्याला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. आमच्याकडे भिंत फुगली म्हणून तर सगळं काढलं होतं!

मग काम दिलं कल्याणजवळच्या एका छोट्या वर्कशॉपवाल्या दादांना. ते घरी आले आणि टेप काढायच्या आधी विचारलं, स्वयंपाक जास्त कोण करतं. म्हटलं सासूबाई. त्यांना ओट्यापाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. आई चार फूट दहा इंच, मी पाच चार. सगळीकडे सरसकट ३४ इंचाचा ओटा करतात आणि त्यावर शेगडी ठेवली की ती आणखी पाच-सहा इंच वर जाते, त्यावर कढई, म्हणजे आईंसारखी बाई खांदे उचलून भाजी परतणार. दादांनी एल आकारात गॅसची बाजू ३१ इंच आणि सिंक-चिराचिरीची बाजू ३४ इंच केली, कोपऱ्यात एक पायरी दिसते फक्त. दीड वर्षात आईंच्या तोंडून खांदा दुखतो हे वाक्य मी ऐकलेलं नाही आणि या एका गोष्टीसाठी मी दादांना पूर्ण मार्क देईन, बाकीचं सगळं नंतर.

प्लायवूडबद्दल जरा जास्त लिहिते कारण पैसे इथेच जातात आणि इथेच वाचवले जातात. प्लायला भारतीय मानकांचे नंबर असतात. आयएस ३०३ हा साधा नंबर, त्यात ओलसर हवा सोसणारा एक आणि त्याहून बरा, उकळतं पाणीही सोसणारा बीडब्ल्यूआर. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून टेस्ट करतात. हे नंबर आयएसआय मार्कसकट शीटवर छापलेले असतात पण एकदा वर लॅमिनेट चिकटलं की काही दिसत नाही, म्हणून मी वर्कशॉपला जाऊन कापायच्या आधी शीटचे फोटो काढून आले, दादांना राग नाही आला उलट त्यांनीच शीट वळवून दाखवली. सिंकखाली आणि खालच्या सगळ्या खोक्यांना ७१०, वरच्या कपाटांना ३०३ बीडब्ल्यूआर. बिल साधारण तीस हजारांनी वाढलं. मागच्या जुलैत वेस्ट पाइपचा जोड सैल झाला, रात्रभर पाणी साचलं, सकाळी पुसलं, दोन दिवस दारं उघडी ठेवली आणि कडेला बोट फिरवून बघितलं तर कुठेही फुगवटा नाही.

आता जे चुकलं ते. हँडल नसलेली दारं मीच हट्टाने घेतली, दाराच्या वर अॅल्युमिनियमची खाच असते तिच्यात बोटं घालून ओढायचं. कणकेचे हात, तेलाचे हात, त्या खाचेत सगळं जाऊन बसतं आणि दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन घासावं लागतं. आपल्याकडे पोळ्या रोज होतात तर साधी हँडलंच लावा, सरळ. दुसरं म्हणजे शेगडीजवळच्या एका दाराची एज बँडिंग, ती कडेची पट्टी, आठ महिन्यांत सुटली, फोन केल्यावर बदलून दिली पण यायला अकरा दिवस लावले आणि रोज उद्या उद्या. त्याचा एक स्टार मी कापतेय. बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल हेटिच कंपनीचे आहेत, कुकर-कढया भरलेला ड्रॉवर अजून एका बोटाने ओढला जातो, त्यात तक्रार नाही.

ओट्याला सगळे पांढरा क्वार्ट्झ सांगत होते, सध्या प्रत्येक घरात तोच. आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला. एक तर क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनने, म्हणजे प्लास्टिकसारख्या डिंकाने, बांधून केलेला, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवता येत नाही, आणि आमच्याकडे ती ठेवली जाणारच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्वार्ट्झचा हा तयार दगड कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते, ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त, ती कारागिरांच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरायलाच बंदी घातली. ग्रॅनाइटची धूळही वाईटच. आमच्या गच्चीवर दगड कापायला आलेला मुलगा विशीतला होता, तोंडाला नुसता रुमाल, मी दादांना म्हटलं पाणी सोडून कापा आणि याला नीट मास्क द्या नाहीतर काम थांबवा. त्यांनी ऐकलं, पाइप लावला. तुमच्याकडे काम चालू असेल तर एकदा गच्चीवर जाऊन बघा हो, तो कुणाचा तरी मुलगा आहे.

भिंत काढली नाही. दादा म्हणाले जुनी बिल्डिंग आहे, इंजिनिअरने बघून लिहून दिल्याशिवाय हातोडा लावणार नाही, आणि तसंही सुक्या बोंबलाचा वास सोफ्यात नको होता. काचेचं सरकतं दार लावलं, उजेड येतो. ओट्याच्या वरच्या कपाटाखाली लाइटची पट्टी मात्र नक्की लावा, छतावरच्या लाइटने आपलीच सावली चिरण्याच्या पाटावर पडते.

हॉलमध्ये टीव्हीमागे ते उभ्या रेघांचं फ्लुटेड पॅनल लावलंय, छान दिसतं, धूळ फार धरतं, एवढंच. फरशी बदलायची ठरली होती, मोझॅकवरच मोठ्या चकचकीत टाइल्स चिकटवून देतो म्हणून कोटेशनही आलं होतं, आई नको म्हणाल्या. मग पॉलिशवाला बोलावला, तीन दिवस घरभर राखाडी चिखल, आम्ही नणंदेकडे राहायला. परत आलो तर हिरव्या-पांढऱ्या खड्यांची फरशी अशी निघाली होती की आई चप्पल दारात काढून आधी खालीच बसल्या, हात फिरवत.