सेबन, ब्रायंट की रॉबिन्सन? कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा कोच

या वादात नावं डझनभर घेतली जातात, पण खरी लढत तिघांची आहे आणि त्यातले दोघे एकाच विद्यापीठाचे. निक सेबन आणि पॉल ‘बेअर’ ब्रायंट हे अलाबामाचे. तिसरा एडी रॉबिन्सन, लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजचा. पोरं अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आहेत, शनिवार आला की त्यांच्या घरी टीव्हीसमोर गर्दी जमते आणि तिथे गेल्यावर आपल्यालाही कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, अशा मंडळींना हा आढावा उपयोगी पडावा. फुटबॉल म्हणजे अर्थात तिकडचा, हेल्मेट घालून खेळायचा.

आकडे आधी सांगून मोकळा होतो. सेबनची राष्ट्रीय विजेतेपदं सात: २००३ मध्ये एलएसयूसाठी (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) एक, मग अलाबामासाठी २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२०. ब्रायंटची सहा, सगळी अलाबामासाठी: १९६१, १९६४, १९६५, १९७३, १९७८, १९७९. ब्रायंटचे एकूण विजय ३२३, सेबनचे कागदोपत्री २९२ (पाठ्यपुस्तकांच्या वाटपातल्या गैरप्रकारामुळे २००७ चे पाच विजय खोडले गेले). रॉबिन्सनचे ४०८, सगळे एकाच कॉलेजात, १९४१ ते १९९७.

व्यावसायिक संघाचा कोच हाती दिलेले खेळाडू घेऊन खेळतो. कॉलेजच्या कोचला ते स्वतः जाऊन आणावे लागतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जायचं, आईवडिलांसमोर बसायचं, शिष्यवृत्ती देऊ करायची. आणि तीन-चार वर्षांत तो मुलगा निघून जातो, की पुन्हा दुसरं दार. आचरेकर सरांचं नेट, निवड समिती आणि प्राचार्यांची खुर्ची ही तिन्ही एकाच माणसाकडे दिली तर जे होईल, ते हे पद. म्हणून विजेतेपदं मोजण्याआधी मी एवढंच बघतो: याला कुठली पोरं घेता येत होती, आणि समोरच्याला कुठली?

ब्रायंट १९१३ चा, आर्कान्सातल्या मोरो बॉटम नावाच्या वस्तीतला, बारा भावंडांतला अकरावा. तेराव्या वर्षी गावात खेळासाठी आणलेल्या अस्वलाशी झुंजला, तेव्हापासून ‘बेअर’. मेरीलँड, केंटकी आणि टेक्सस ए अँड एम करून तो १९५८ मध्ये आपल्या जुन्या कॉलेजात, अलाबामात परतला. आधीच्या तीन हंगामांत मिळून त्या संघाने फक्त चार सामने जिंकले होते. चौथ्या वर्षी, १९६१ मध्ये, तोच संघ अपराजित राहून विजेता झाला. अख्ख्या हंगामात अकरा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून २५ गुण करता आले.

त्याच्या कडकपणाच्या कथा अजून सांगितल्या जातात. १९५४ मध्ये टेक्सस ए अँड एमचा संघ त्याने जंक्शन नावाच्या आडगावी नेला. दुष्काळ, रणरणतं ऊन, आणि सरावात पाणी प्यायची बंदी. जवळपास शंभर गेले होते, त्यातले तिसऱ्या हिश्शाच्या आसपास टिकले. बाकीचे रातोरात पळाले. त्या वर्षी संघाने एक सामना जिंकला, नऊ हरले. दोन वर्षांनी हाच संघ आपल्या गटाचा विजेता ठरला, म्हणून ही कथा कौतुकाने सांगितली जाते. मला त्यात फारसं कौतुक वाटत नाही. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॉलेजात जॉन गॅग्लियार्डीने सरावात टॅकलिंगच (अंगावर जाऊन खेळाडूला पाडणं) बंद ठेवलं, शिट्टीही वापरली नाही, आणि २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत अख्ख्या कारकिर्दीत ४८९ सामने जिंकले. इतके दुसऱ्या कुणाचेच नाहीत. पातळी खालची होती, हे मान्य. पण पोरांना पाणी दिलं तरी जिंकता येतं.

ब्रायंटच्या सहा विजेतेपदांकडे जरा बारकाईने बघायला हवं. त्या काळी अंतिम सामना नव्हताच. विजेता मतांवर ठरे: एक पत्रकारांची यादी, एक प्रशिक्षकांची. आणि मतं बऱ्याचदा नियमित हंगाम संपताच घेतली जात, वर्षअखेरच्या ‘बोल’ सामन्यांच्या आधी. १९६४ मध्ये अलाबामा असा विजेता झाला आणि मग ऑरेंज बोलमध्ये टेक्ससकडून २१-१७ असा हरला. १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला पहिलं स्थान दिलं आणि शुगर बोलमध्ये नोत्र दामने त्यांना एका गुणाने हरवलं. १९७८ चं विजेतेपद सदर्न कॅलिफोर्नियाबरोबर वाटून घ्यावं लागलं, आणि त्याच सदर्न कॅलिफोर्नियाने त्या हंगामात अलाबामाला बर्मिंगहॅममध्ये येऊन हरवलं होतं. उलट १९६६ मध्ये अलाबामा एकही सामना हरला नाही, तरी मतदारांनी बरोबरी पत्करलेल्या नोत्र दामला वर ठेवलं. म्हणजे नशिबाने दिलंही आणि काढूनही घेतलं. तरीही माझ्या हिशेबात निखळ म्हणावीत अशी दोनच उरतात, १९६१ आणि १९७९. १९६५ ला निम्मे गुण: पत्रकारांनी अलाबामाला निवडलं, प्रशिक्षकांनी मिशिगन स्टेटला.

सेबनलाही काही विजेतेपदं दारातून वाकून आत शिरूनच मिळाली. २००३ मध्ये पत्रकारांनी एलएसयूऐवजी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेता ठरवलं. २०११ आणि २०१७ मध्ये अलाबामा स्वतःच्या विभागातही पहिला नव्हता, तरी त्याला पुढे बोलावलं गेलं. फरक असा की बोलावल्यावर जिंकावं लागलं, आणि तो जिंकला. २०११ मध्ये ज्या एलएसयूकडून नोव्हेंबरात घरच्या मैदानावर ९-६ हरला होता, त्यालाच अंतिम सामन्यात २१-० असं धुतलं.

सेबन वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणपट्ट्यातला, वडिलांचा पेट्रोलपंप. त्याची ‘प्रोसेस’ आता मॅनेजमेंटवाले विकतात, पण तिचा उगम साधा आहे. मिशिगन स्टेटला असताना लायोनेल रोझेन या मानसोपचाराच्या प्राध्यापकाने त्याला सुचवलं की एक खेळी सरासरी सात सेकंदांची असते. पोरांना गुणफलक विसरून तेवढ्याच सात सेकंदांचा विचार करू दे. १९९८ मध्ये त्याच्या सामान्य संघाने हे करून पहिल्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर २८-२४ हरवलं. माणूस तसा प्रेमात पडावा असा नाही. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाला असताना आपण अलाबामाला जाणार नाही असं पत्रकारांना ठणकावून सांगितलं आणि दोन आठवड्यांत अलाबामाला गेला. पहिल्या वर्षी लुइझियाना-मनरोसारख्या लिंबूटिंबू संघाकडून घरी हरलाही. पण २००८ ते २०२३ या सोळा हंगामांत दहापेक्षा कमी विजय एकदाही नाहीत.

मला त्याची खरी मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. २०११ चा त्याचा संघ सामन्यामागे जेमतेम आठ गुण देत असे. बचाव हाच धर्म. पुढे खेळाचा वेग वाढला. सेबनने आधी त्याविरुद्ध कुरकुर केली, मग २०१४ मध्ये लेन किफिन या आक्रमणाच्या प्रशिक्षकाला आणून आपलं आक्रमण मोडून नव्याने बांधलं. २०२० चा संघ सामन्यामागे अठ्ठेचाळीसहून जास्त गुण करत होता. आणि जानेवारी २०१८ चा अंतिम सामना: जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०-१३. दोन वर्षं संघाला जिंकून देणाऱ्या जेलन हर्ट्सला बसवून त्याने तुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू फेकणारा) केलं आणि सामना जादा वेळेत २६-२३ जिंकला. त्याहून मोठं म्हणजे हर्ट्स रुसून गेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, तुआ जखमी झाल्यावर बाकावरून उठून हर्ट्सने सामना काढून दिला.

बदलायची तयारी ब्रायंटकडेही होती, हे सांगायलाच हवं. १९६९ आणि १९७० चे हंगाम अगदीच सुमार गेल्यावर त्याने टेक्ससच्या डॅरेल रॉयलकडून विशबोन ही धावण्यावर भर देणारी रचना शिकून घेतली, उन्हाळाभर गुप्त ठेवली आणि १९७१ च्या पहिल्याच सामन्यात काढली. ते दशक अलाबामाने १०३ विजय आणि १६ पराभवांवर संपवलं.

पण पोरांच्या प्रश्नावर ब्रायंट अडतो. १९७३ पर्यंत राष्ट्रीय पातळीवर शिष्यवृत्त्यांना मर्यादाच नव्हती. मग १०५, १९७८ पासून ९५ आणि १९९२ पासून २०२४ पर्यंत ८५. सेबनची सगळी विजेतेपदं या ८५ च्या आतली आहेत. ब्रायंटची पहिली तीन राष्ट्रीय मर्यादा येण्याआधीची, आणि त्यांत एकही काळा खेळाडू नव्हता. त्यांच्या गटातल्या प्रतिस्पर्ध्यांकडेही नव्हता. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ बर्मिंगहॅमला आला आणि सॅम कनिंगहॅम या काळ्या फुलबॅकने १३५ यार्ड धावून अलाबामाला ४२-२१ लोळवण्यात मोठा वाटा उचलला. त्या एका सामन्याने दक्षिण बदलली असं सांगायची पद्धत आहे. ते पूर्ण खरं नाही. विल्बर जॅक्सन या काळ्या खेळाडूला अलाबामाची शिष्यवृत्ती त्याआधीच दिली गेली होती, फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. पण ब्रायंटला राज्यात जवळपास देवाचा मान होता, आणि तरी तेरावं वर्ष उजाडेपर्यंत तो थांबला, हेही खरंच.

आता बक ब्युकॅनन बघा. साडेसहा फुटांहून उंच, बर्मिंगहॅमच्या शाळेत शिकलेला, म्हणजे ब्रायंटच्या अंगणातला मुलगा. १९६१ मध्ये ब्रायंट पहिलं विजेतेपद जिंकत होता, तेव्हा ब्युकॅनन शेजारच्या राज्याच्या पलीकडे, ग्रॅम्बलिंगमध्ये रॉबिन्सनकडे खेळत होता. १९६३ मध्ये एएफएल या तेव्हाच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत देशभरातून त्याचं नाव पहिलं पुकारलं गेलं.

रॉबिन्सन बावीस वर्षांचा असताना नोकरीवर लागला. त्याआधी बॅटन रूजमध्ये पशुखाद्याच्या गिरणीत तासाला पंचवीस सेंटवर काम करत होता. मैदानाचं गवत कापणं, खेळाडूंचे घोटे बांधणं, सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्रांना देणं, सगळं त्याच्याकडे. पहिला हंगाम हरण्यात गेला. दुसऱ्या हंगामात, १९४२ मध्ये, त्याच्या संघावर कुणाला एकही गुण करता आला नाही. टँक यंगर १९४९ मध्ये काळ्या कॉलेजातून थेट एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये गेलेला पहिला खेळाडू; तो रॉबिन्सनचा. पुढे दोनशेहून जास्त गेले. काळा क्वार्टरबॅक दिसला की व्यावसायिक संघ त्याला दुसऱ्या जागी खेळवत. रॉबिन्सनने जेम्स हॅरिसला ठरवून क्वार्टरबॅक म्हणूनच घडवलं. त्याच्याच हाताखालून गेलेला डग विल्यम्स जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला.

१९८५ मध्ये रॉबिन्सनने ब्रायंटचा ३२३ चा आकडा ओलांडला, तेव्हा ‘समोरचे संघ हलके होते’ असं म्हटलं गेलं. होतेही असतील, पण तगड्या संघांशी खेळायची संधी त्याला कुणी नाकारली होती? आणि मोठ्या विद्यापीठांची दारं उघडल्यावर त्याचा तोटाच झाला. ब्युकॅननसारखी पोरं आता अलाबामाला जाऊ लागली. त्याचे शेवटचे तीन हंगाम पराभवांचेच गेले.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नोत्र दामच्या नूट रॉकनीची विजयाची सरासरी अजून मोठ्या कॉलेजांत सर्वांत वर आहे, पण १९३१ मध्ये विमान अपघातात तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. तेरा हंगामांवर निकाल देणं मला जमत नाही. नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्नने पंचवीस हंगामांत नऊपेक्षा कमी विजय कधी मिळवले नाहीत आणि तीन विजेतेपदं घेतली. माझ्या यादीत तो चौथा. पेन स्टेटच्या जो पटर्नोचे ४०९ विजय आधी कापले आणि २०१५ मध्ये परत जोडले गेले, पण त्याचा जुना सहायक सँडस्की याच्या बाल लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर ते नाव या वादात आणायची माझी तयारी नाही.

माझा क्रम: सेबन, रॉबिन्सन, ब्रायंट. सेबन वर, कारण सर्वांना सारख्याच शिष्यवृत्त्या आणि सर्वांना सारखीच दारं उघडी असताना त्याने जिंकलं, आणि निकाल बहुतेक वेळा मैदानावर लागला. ब्रायंट तिसरा म्हटलं की भांडण होणार. तिघांत शून्यातून संघ उभा करण्यात तो सरस होता हे मी मान्य करेन, पण ब्युकॅननचं उदाहरण मला ओलांडता येत नाही. कोच म्हणजे खेळाडू घडवणारा, अशी तुमची समजूत असेल तर रॉबिन्सनला खुशाल पहिला करा. मला त्यावर वाद घालायचा नाही. अलाबामा विद्यापीठाच्या गावी, टस्कलूसात, स्टेडियमला ब्रायंटचं नाव आहे आणि २०२४ पासून त्याच स्टेडियमच्या आतल्या मैदानाला सेबनचं. रॉबिन्सनच्या नावाचं स्टेडियम बघायला ग्रॅम्बलिंगला जावं लागतं. मात्र फुटबॉल पत्रकारांचा वर्षातल्या सर्वोत्तम कोचसाठीचा पुरस्कार त्याच्या नावाने आहे, आणि सेबनने तो दोनदा घेतला, २००३ मध्ये आणि २००८ मध्ये.