एमआयटी ओपनकोर्सवेअर: गणितात आधी काय घ्यायचं, ते इथे ठरलं

माझी भाची बीएस्सीला आहे, मेजर गणित. पुढच्या सेमिस्टरला लिनियर अल्जिब्रा (रेषीय समीकरणं आणि मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांच्या चौकटी) घ्यायचं की मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस (एकापेक्षा जास्त चलांचं), हा घोळ घेऊन ती चवथीच्या सुट्टीत डिचोलीला आमच्याकडे आली. "मावशी, सगळे सीनियर म्हणतात कॅल्क्युलस आधी उरकून टाक." मी बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. मला ते पटेना. म्हणून दोघी ओपनकोर्सवेअर, म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची आपले कोर्स सगळ्यांना खुले करणारी साइट, उघडून बसलो.

साइट पूर्ण फुकट आहे, नाव नोंदवायचीही गरज नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते प्रत्येक कोर्सचं अभ्यासक्रमाचं पान. आधी काय यायला हवं, ते तिथे लिहिलेलं असतं. एमआयटीत शिकवलेले प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या लिनियर अल्जिब्राची (कोर्स क्रमांक १८.०६) घरी शिकणाऱ्यांसाठी केलेली आवृत्ती आहे. तिथे चक्क म्हटलंय की मल्टिव्हेरिएबलची अट एमआयटीत प्रवेश घेणाऱ्यांना आहे, विषय समजायला कॅल्क्युलस लागत नाही.

पहिलंच व्याख्यान बघा. २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३, एवढी दोनच समीकरणं. आधी दोन रेषा काढून छेदबिंदू. मग तीच समीकरणं स्तंभांनी, म्हणजे क्ष आणि य यांच्या सहगुणकांच्या जोड्यांनी: (२, −१) एकदा आणि (−१, २) दोनदा घेतला की (०, ३) मिळतो. दहावीचं गणित, पण भाचीने व्हिडिओ थांबवून वहीत स्वतः बाण काढले.

हे आधी झालं की मल्टिव्हेरिएबल सोपं जातं. डबल इंटिग्रल पोलरमध्ये (अंतर आणि कोन या निर्देशकांत) नेताना एक जास्तीचा 'आर' येतो, तो बहुतेक मुलं पाठ करतात. तो जेकोबियनचा (निर्देशक बदलताना तयार होणाऱ्या मॅट्रिक्सचा) डिटर्मिनंट आहे, क्षेत्रफळ किती पटीने ताणलं जातं ते सांगणारा. डिटर्मिनंटचा अर्थ ठाऊक असेल तर पाठांतर कशाला? डिफरन्शियल इक्वेशन्सचंही (बदलाच्या दराची समीकरणं) तेच. समीकरणांचा संच सोडवायला आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स ठराविक दिशांना किती पटीने ताणतं, त्या संख्या) लागतात. रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या नियमांच्या काटेकोर सिद्धता) मात्र मी शेवटीच ठेवलं. सिद्धता लिहायचा हात आधी बसू दे.

व्हिडिओ उतरवून ठेवता येतात. पावसात आमच्याकडे वीज गेली की हे फार उपयोगी पडतं. प्रश्नसंचांना उत्तरं आहेत, पण तुमची वही तपासायला कुणी नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. तेवढ्यासाठी घरात किंवा कॉलेजात विचारायला एखादं माणूस हवं.

पाचपैकी पाच. भाचीने लिनियर अल्जिब्राचा फॉर्म भरला.